काटेसाहेबांचे सात काटे

दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी पार्किंगमध्ये तो प्रश्न विचारला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दाताच्या डॉक्टरांना ती सवयच असते. माणूस आ करून निवांत पडलेला असतो, दुखत काही नसतं, आणि हे आत कुठेतरी टोचून विचारतात, "इथे दुखतं का?" त्यानंतर तिथे दुखायला लागतं.

"काटेसाहेब," डॉक्टर म्हणाले, "हिचं इंजिन तापतं तरी किती?"

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक होते, तेव्हा दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. निवृत्त झाल्यावर इमारतीतल्या लोकांनी ते तोंडावर वापरायला सुरुवात केली आणि त्यांनाही ते पदवीसारखं वाटू लागलं. तीस वर्षांत त्यांनी पोकळ वजनं पकडली, बुडाला मेण लावलेली मापं पकडली, तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेला चुंबक पकडला. खोटेपणा त्यांना वासावरून कळायचा. आणि निवृत्तीनंतर या माणसाने हौसेने घेतलेली पहिली वस्तू कुठली, तर एक नक्कल.

अस्सल गाडी साठ-सत्तर वर्षांपूर्वी शर्यतीत धावायची. ही तिची हुबेहूब प्रतिकृती. वरचं लालभडक अंग फायबरचं, खालचा सांगाडा एका म्हाताऱ्या छोट्या गाडीचा, छप्पर नाही, इंजिन मागे. बुटकी इतकी, की आत बसायला जमिनीवर बसल्यासारखं बसावं लागे आणि उठताना कुणाला तरी हात द्यावा लागे. जागा दोघांनाच. बायकोने पर्स मांडीवर घेतली नाही तर एकालाच. या गाडीचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. त्यात पाणी नव्हतं, रेडिएटर नव्हता, फक्त एक पंखा होता आणि इंजिनाभोवती बसवलेले वेडेवाकडे पत्रे होते. हे सगळं गाडी विकणाऱ्याने समजावून सांगितलं होतं. तेव्हा काटेसाहेब लाल रंगाकडे पाहत होते.

गाडीत वेग दाखवणारा एक काटा होता आणि तेलाचा एक दिवा होता, बस. ज्या माणसाने शहरातला एकही किलो तपासल्याशिवाय सोडला नाही, त्याच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये एक वस्तू विनामोजणी उभी होती. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचं तापमान दाखवणारा काटा आणला आणि स्वतः बसवला. काटा एकशे पाचवर गेला. हे चांगलं की वाईट, हे काट्यावर लिहिलेलं नव्हतं.

"पाणी शंभराला उकळतं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

"यात पाणी नाही," काटेसाहेब म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. पाणीच नाही म्हटल्यावर काय होणार?"

इमारतीचे चेअरमन तिथेच उभे होते. चेअरमन म्हणजे उंटावरचे शहाणे, फक्त उंट स्वतःचा. "पाणी बघितलंत का?" त्यांनी विचारलं. काटेसाहेबांनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. चेअरमननी शेवटपर्यंत मान डोलावली आणि म्हणाले, "ते बरोबर आहे. पण एकदा पाणी बघा." दोन दिवसांनी सकाळी हेच चेअरमन हातात तांब्या घेऊन गाडीभोवती भोक शोधताना सापडले. पुढे त्यांना पेट्रोलचं तोंड मिळालं होतं. काटेसाहेबांनी तांब्या वेळेवर धरला, म्हणून चेअरमनपद आणि गाडी दोन्ही वाचली.

आता वजनमापे खात्याचं एक तत्त्व आहे. माप कधीही एकट्याच्या शब्दावर मानायचं नाही, ते दुसऱ्या मापाने तपासायचं. म्हणून काटेसाहेबांनी दुसरा काटा आणला. तो अठ्ठ्याण्णव म्हणाला. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होता. न्यायनिवाड्यासाठी तिसरा आणला, तर तो एकशे अठरा म्हणाला. तिघेही तेलाबद्दलच बोलत होते, पण एक तेलाच्या तळाशी होता, एक वरच्या तोंडाशी आणि एक मध्येच कुठेतरी. स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि न्हाणीघर यांत एकच उकाडा नसतो, हे त्यांच्या बायकोने ऐकताक्षणी सांगितलं. पण बायको खात्यात नव्हती.

इथे एक अडचण आली, आणि तीच पुढे महत्त्वाची ठरली. प्रत्येक काटा डॅशबोर्डवर, त्याची वायर गाडीभर फिरून मागे, आणि तिचं टोक इंजिनात. इंजिनाभोवती ते पत्रे आणि त्यांच्या कडेला रबराची पट्टी. वायर जायला वाट नाही. काटेसाहेबांनी आधी रबर काढलं. तिसऱ्या काट्यासाठी एक पत्रा काढला. त्या पत्र्याचं काही काम दिसत नव्हतं, नुसता खडखडायचा. काढलेली वस्तू फेकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पत्र्याला चिठ्ठी बांधली, तिच्यावर तारीख, जागा आणि "जप्त" असं लिहिलं, आणि तो पलंगाखालच्या खोक्यात ठेवला.

"पलंगाखाली लोखंड कशाला?" बायकोने विचारलं.

"मुद्देमाल आहे," काटेसाहेब म्हणाले.

ते रोज वहीत आकडे लिहीत. आठवड्यामागून आठवडे आकडे चढत गेले. जो काटा एकशे पाच म्हणत होता, तो एकशे पंधरा म्हणू लागला, मग एकशे पंचवीस. गाडी आजारी होती, याचा वहीत लेखी पुरावा होता. म्हणून त्यांनी इंजिनाच्या डोक्यावर, प्लगच्या बुडाशी बसणारा चौथा काटा लावला, आणि त्याच्यासाठी दोन पत्रे जप्त केले. तो दोनशेच्या पुढे गेला, म्हणून पाचवा. विकतचं दुखणं म्हणतात ते यालाच, आणि इथे तर ते दुखणं मोजायचीही किंमत द्यावी लागत होती.

डॅशबोर्डवर काटे वाढले, तशी चेअरमननी नवी शंका काढली. "हा फेरफार आहे. नोंद केलीत का?" नोंद केली नव्हती. काटेसाहेब नियमाबाहेर एक दिवसही जगले नव्हते. ते गाडी घेऊन वाहन नोंदणी कार्यालयात गेले.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि बोट एका रकान्यावर ठेवलं. "शीतक पाण्याची क्षमता, लिटरमध्ये. हे रिकामं आहे."

"पाणी नाही. हवेवर थंड होतं."

"रिकामा रकाना घेता येत नाही."

"मग शून्य लिहितो."

"शून्य म्हणजे गळती. गळतीची गाडी नोंदता येत नाही."

काटेसाहेबांनी हवेचं शास्त्र सांगितलं. कारकुनाने ऐकून घेतलं. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही मला ओळखलं नाहीत. माझ्या काकांचं किराणा दुकान होतं. एक रकाना रिकामा होता म्हणून त्यांचा काटा तुम्ही तीनदा परत पाठवला होता."

काटेसाहेबांना तो काटाही आठवला आणि काकाही. काटा अचूक होता. त्यांनी पेन काढून "५ लिटर" लिहिलं. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं पहिलं खोटं माप. पण गोष्ट तिथे थांबली नाही. बाहेर गाडी तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने पाच लिटर पाणी दाखवा म्हटलं. काटेसाहेब समोरच्या दुकानात जाऊन पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन आले आणि सीटमागे ठेवला. अधिकाऱ्याने कॅन हलवून पाहिला आणि शेरा मारला, "शीतक पाणी ५ लिटर, सुटे, गाडीत कायम बाळगावे." त्या दिवसापासून बायकोच्या पाठीला तो कॅन टोचू लागला.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण टेकडीवर साडू राहत होते.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे मोठी, नवी, बंद काचांची गाडी होती, आणि काटेसाहेबांना ते लग्नाच्या दिवसापासून पाण्यात पाहत. टेकडीचा रस्ता सात वळणांचा, चढ अंगावर येणारा. पहिल्यांदा, एकही काटा नव्हता तेव्हा, लाल गाडी गुणगुणत वर गेली होती. साडूंनी तिच्याभोवती फेरी मारून एकच प्रश्न विचारला होता. "अस्सल आहे का?" दुसऱ्या खेपेला तीन काटे होते. पाचव्या वळणावर इंजिन गुदमरलं आणि ते भाजीच्या टेम्पोमागे दोरीने बांधून पोचले. तिसऱ्या खेपेला पाच काटे होते, आणि ओढायला खुद्द साडू खाली आले. उरलेल्या चढावर त्यांनी आरशावरून एकदाही नजर हटवली नाही. फाटकाशी सोडताना ते म्हणाले, "माझ्या ओळखीचे एक हॉटेलवाले आहेत. दाराशी शोभेला अशीच एक गाडी त्यांना हवी आहे. सीटच्या जागी कुंड्या ठेवणार म्हणतात."

घरी परतल्यावर बायकोने चप्पल काढायच्या आधी विषय काढला.

"पुढच्या महिन्यात भाऊजींचा साठावा वाढदिवस आहे. सगळे नातेवाईक येतील. मी दोरीला बांधून जाणार नाही."

"नाही जायचं दोरीला बांधून," काटेसाहेब म्हणाले.

"आणि गेलो तर?"

काटेसाहेबांनी मान खाली घातली. मग ज्या आवाजात ते जप्तीचा पंचनामा वाचून दाखवत, त्या आवाजात म्हणाले, "तर गाडी हॉटेलात."

शब्द दिला आणि त्यांची झोप उडाली. गाडी त्यांना फार आवडत होती. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण सकाळी सहा वाजता रिकाम्या रस्त्यावरून जाताना तोंडावर वारा यायचा आणि तीस वर्षं हिशेबात ठेवलेला माणूस मोठ्याने गाणं म्हणायचा. त्या गाडीत कुंड्या. त्यांनी सहावा आणि सातवा काटा आणला आणि उरलेले तीन पत्रे जप्त केले. आता गाडी बाजारापर्यंत जाऊन आली तरी सातही काटे लाल व्हायचे. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तशातली गत. फुफाट्याचं तापमान मात्र वहीत नोंदलेलं होतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "एकदा मिस्त्रींना तरी दाखवा." मिस्त्री म्हणजे गल्लीच्या टोकाचे म्हातारे गॅरेजवाले. या जातीची इंजिनं त्यांनी तरुणपणापासून खोलली होती. काटेसाहेब इतके दिवस त्यांच्याकडे गेले नव्हते, कारण मिस्त्री काहीही मोजत नसत. बोल्ट किती आवळायचा विचारलं तर म्हणत, "पुरे होईपर्यंत."

मिस्त्रींनी मागचं झाकण उचललं. वायरींचं जंजाळ बघितलं.

"इथले पत्रे कुठायत?"

"कुठले?"

"सगळे."

"काढले," काटेसाहेब म्हणाले. "वायरींना वाट नव्हती."

मिस्त्रींनी हात पुसले. "साहेब, हे वरचं म्हणजे तुमची बसायची खोली. पंखा इथली गार हवा ओढतो आणि इंजिनावर मारतो. तापलेली हवा खाली जाते, ते स्वयंपाकघर. पत्रे म्हणजे मधलं दार. तुम्ही दार काढून ठेवलंत. आता स्वयंपाकघरातला धूर बसायच्या खोलीत येतो, पंखा तोच धूर परत आत ढकलतो. आणि धूर का येतो हे बघायला तुम्ही सात माणसं बसवलीत."

"म्हणजे पहिला काटा लावला तेव्हा..."

"तेव्हा काही झालं नव्हतं. गाडीला ताप नव्हताच. तुम्ही मोजायला गेलात आणि आला."

काटेसाहेब गॅरेजमधल्या टायरवर बसले. दुकानदार वजन करताना पारड्याला हळूच अंगठा लावतो, ही खात्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नीच चोरी. तिच्यासाठी त्यांनी कुणालाही माफी दिली नव्हती. आणि इथे चार महिने त्यांचाच अंगठा पारड्यावर होता, वर ते वहीत सहीही करत होते. त्यांना खरोखर लाज वाटली.

"पत्रे भंगारात गेले असतील," मिस्त्री म्हणाले. "ते आता मिळत नाहीत."

काटेसाहेब उठले आणि तसेच घरी चालत गेले. त्यांचं सांगून होण्याआधीच बायको पलंगाखाली वाकून खोकं बाहेर ओढत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच ती पुटपुटली. खोक्यात सहा पत्रे आणि सगळं रबर होतं, प्रत्येकाला तारीख आणि जागेची चिठ्ठी. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी त्या चिठ्ठ्या वाचल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत थोडा आदर दिसला. "चोरी केली तरी हिशेब ठेवून केलीत," ते म्हणाले. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. सातही काटे उतरवले. काटेसाहेबांनी एक तरी ठेवा म्हणून विनवलं.

"वाढदिवस होऊ द्या," मिस्त्री म्हणाले. "मग एक लावून देईन, भोक न पाडता."

वाढदिवसाच्या दिवशी डॅशबोर्डवर सात गोल भोकं होती आणि त्यांतून काटेसाहेबांना स्वतःचे गुडघे दिसत होते. पहिल्या वळणावर त्यांनी सवयीने भोकांकडे पाहिलं. दुसऱ्या वळणावर त्यांना जळका वास आला.

"तो तुमच्या डोक्यात येतोय," बायको म्हणाली. "चालवा."

"किती तापली असेल?"

"मला काय माहीत. चालवा."

पाचवं वळण आलं. इथे भाजीचा टेम्पो भेटला होता. काटेसाहेबांची पाठ घामाने भिजली. गाडीतल्या तापमानाची नोंद त्या वेळी कुणी घेतली असती, तर सगळ्यात गरम वस्तू चालकच निघाली असती. सहावं वळण गेलं. सातवं गेलं. लाल गाडी गुणगुणत फाटकातून आत शिरली आणि नातेवाइकांच्या घोळक्यासमोर थांबली.

साडू पायऱ्यांवर उभे होते. त्यांच्या हातात दोरी होती. ती त्यांनी हळूच कुंडीमागे टाकली, पण सगळ्यांनी पाहिली. जमलेल्या मंडळींचा चेहरा खेळ रद्द झाल्यासारखा झाला. बायको हात न घेता स्वतः गाडीतून उठली, आणि ते सोपं नव्हतं.

साडूंनी गाडीभोवती फेरी मारली. टोचायला काही सापडेना, म्हणून डॅशबोर्डकडे बोट केलं. "काटे कुठे गेले? शोभत होते."

"लागत नाहीत आता."

"मग एक द्या मला. सगळ्यात मोठा. आमच्या गाडीत नुसता दिवा आहे. एवढ्या मोठ्या गाडीला काटा हवा."

"देतो," काटेसाहेब म्हणाले. "फक्त बसवताना एक जपा, आतलं काही काढू नका किंवा..."

"साडूभाऊ," साडू हसत म्हणाले, "वजनाच्या गोष्टी तुम्ही आम्हाला सांगा. गाडीच्या आम्हाला कळतात."

मंडळी हसली. काटेसाहेबांनी सल्ला परत घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठा काटा, पुसून, खोक्यासकट पाठवून दिला.

दीड महिन्याने एका सकाळी दोघं टेकडीच्या रस्त्याने निघाले होते. काटेसाहेब गाणं म्हणत होते आणि बायको त्यांना ते म्हणू देत होती. पाचव्या वळणावर एक मोठी गाडी उभी होती, पुढचं झाकण उघडं, वर वाफेचा ढग. साडू रुमालाने तोंड पुसत रस्त्यात उभे होते. आत ताई, म्हणजे बायकोची बहीण, पंखा हलवावा तसं मासिक हलवत बसली होती. डॅशबोर्डवर तो मोठा काटा दिमाखात बसवलेला दिसत होता. त्याचं टोक घालण्यासाठी रेडिएटरची नळी मधोमध कापली होती, आणि जोडलेल्या जागेतून शेवटचे थेंब रस्त्यावर पडत होते.

काटेसाहेबांनी लाल गाडी शेजारी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. बायकोच्या पाठीमागून त्यांनी शासनाच्या आदेशाने कायम बाळगलेला पाच लिटरचा कॅन उचलला आणि मांडीवर घेतला. मग इमारतीच्या चेअरमननी ज्या काळजीने विचारलं होतं, अगदी त्याच काळजीने त्यांनी विचारलं.

"साडूभाऊ, पाणी बघितलंत का?"

साडू टेकडीखालच्या रस्त्याकडे पाहू लागले. टेम्पो येत नव्हता.

"अहो," आतून ताई म्हणाली, "ते विचारतायत काहीतरी. सांगा ना."